रात्री अडकणारा ऑटोलोडर: रीस्टार्ट केला की चालतो, चार दिवसांनी पुन्हा अडकतो

लक्षण ओळखीचं असेल. रात्री बॅकअप सुरू होतो, पहिली टेप भरते, दुसरी लावायची वेळ येते आणि जॉब तिथेच थांबतो. सकाळी लॉगमध्ये ‘ड्राइव्ह तयार नाही’ किंवा ‘टेपची वाट पाहत आहे’ अशी एक ओळ. कुणीतरी ऑटोलोडर, म्हणजे टेप आपोआप बदलणारं यंत्र, बंद करून चालू करतं, सोबत सर्व्हरही रीस्टार्ट होतो, जॉब पुन्हा लावला की बिनबोभाट चालतो. चार-आठ दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

टेप लायब्रऱ्या सांभाळताना या दुखण्याच्या मागे मी बराच काळ घालवला आहे, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. असा अधूनमधून येणारा बिघाड दिसला की आधी रोबोवर, म्हणजे टेप उचलून ठेवणाऱ्या यंत्रहातावर, संशय घेऊ नका. कुठली टेप कुठे आहे ही माहिती एकाच वेळी तिघांकडे असते: लायब्ररीच्या स्वतःच्या मेमरीत, सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आणि बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये. या तिघांचं एकमत मोडलं की जॉब अडकतो. रीस्टार्टने ते एकमत कधी नशिबाने जुळतं, कधी आणखी बिघडतं, आणि दोन्ही वेळा पुरावा मात्र पुसला जातो.

बटणाला हात लावण्यापूर्वी

अडकलेल्या अवस्थेत तीन गोष्टी फाइलमध्ये उतरवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

पहिली, चेंजरचं, म्हणजे टेप बदलणाऱ्या याच रोबोचं, स्टेटस. लिनक्सवर ‘एमटीएक्स’ कमांडला स्टेटस विचारलं की प्रत्येक ड्राइव्ह (टेप वाचणारं-लिहिणारं उपकरण) आणि प्रत्येक स्लॉट (टेप ठेवायचा कप्पा) भरलेला आहे की रिकामा, आत कुठल्या बारकोडची टेप आहे आणि ड्राइव्हमधली टेप कुठल्या स्लॉटमधून आली, हे सगळं दिसतं. इथे ड्राइव्ह शून्यापासून मोजतात आणि स्लॉट एकपासून. हा साधा फरक डोक्यात नसला तर वाचतानाच घोळ होतो.

दुसरी, प्रत्येक ड्राइव्हचं स्वतःचं म्हणणं. ‘एमटी’ कमांडने ड्राइव्हचं स्टेटस घेतलं की आत टेप असेल तर ‘ऑनलाइन’ असं दिसतं, रिकामा असेल तर ‘डीआर ओपन’. चेंजर म्हणतो ड्राइव्ह भरलेला आणि ड्राइव्ह म्हणतो मी रिकामा, असं दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं.

तिसरी, कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) लॉग आणि टेपअलर्ट. टेपअलर्ट म्हणजे ड्राइव्हने स्वतःहून उभे केलेले ६४ ध्वज. वाचनात कायमचा दोष, टेपचं आयुष्य संपलं, ताबडतोब सफाई हवी, अशा एकेका गोष्टीसाठी एकेक. ध्वज एकदा वाचले की सहसा खाली जातात, म्हणून पडद्यावर बघून सोडून देऊ नका, फाइलमध्ये ठेवा.

हे तिन्ही हातात आल्यावर खुशाल रीस्टार्ट करा. त्याआधी नाही.

रीस्टार्टमुळे पुढचा बिघाड कसा जन्मतो

हे एका ठिकाणी मी अगदी जवळून पाहिलं, म्हणून तपशिलाने सांगतो. एक ड्राइव्ह आणि आठ स्लॉटचा ऑटोलोडर होता. रात्री जॉब अडकला तेव्हा पाचव्या स्लॉटमधली टेप ड्राइव्हमध्ये होती. सकाळच्या माणसाने ऑटोलोडरची वीज बंद करून चालू केली. पुन्हा सुरू होताना रोबोने सगळे स्लॉट तपासले, ड्राइव्हमध्ये टेप आहे हेही त्याला कळलं, पण ती मुळात कुठून आली होती ही आठवण विजेबरोबर गेली. चेंजरच्या स्टेटसमध्ये तिथे ‘अज्ञात स्लॉटमधून’ अशी नोंद आली. तेव्हा ती कुणी वाचली नाही.

त्या दिवशी दुपारी कोरी टेप घालायची होती. पाचवा स्लॉट रिकामा दिसला, तिथे घातली. बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये मात्र ड्राइव्हमधल्या टेपचं घर अजून पाचवा स्लॉटच होतं. ड्राइव्हमध्ये जागा शिल्लक असलेली टेप होती, त्यामुळे पुढच्या तीन रात्री सगळं सुरळीत चाललं. चौथ्या रात्री ती भरली, सॉफ्टवेअरने तिला पाचव्या स्लॉटमध्ये परत ठेवायला सांगितलं आणि रोबोने नकार दिला. कर्नलच्या लॉगमध्ये ‘३बी ०डी’ हा सेन्स कोड, म्हणजे यंत्राने दिलेला त्रुटीचा संकेतांक, होता. अर्थ: जिथे ठेवायचं ती जागा आधीच भरलेली आहे.

सकाळी पुन्हा वीज बंद-चालू. पुन्हा एक आठवण पुसली. चार दिवसांनी पुन्हा तेच.

यंत्रात काडीचाही दोष नव्हता. रोबोने चुकीची आज्ञा नाकारली, तेच त्याचं काम. उपाय असा केला: ड्राइव्हमधली टेप हाताने एका ठरावीक रिकाम्या स्लॉटमध्ये परत पाठवली, लायब्ररीला नव्याने यादी करायला लावलं आणि सॉफ्टवेअरकडून स्लॉटची नोंद अद्ययावत करून घेतली. बाक्युला किंवा बॅरिओस ही बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘अपडेट स्लॉट्स’ ही कमांड त्यासाठीच आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये याला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. नियमही ठरवला: हाताने एक जरी टेप हलवली तरी इन्व्हेंटरी केल्याशिवाय दार बंद झालं असं समजायचं नाही. त्या ऑटोलोडरवर तो बिघाड पुन्हा आला नाही.

‘३बी’ने सुरू होणारा आणखी एक कोड कायम भेटतो, ‘३बी ०ई’. म्हणजे जिथून टेप उचलायची तो स्लॉट रिकामा आहे. मूळ कारण तेच, नोंद आणि वास्तव यांची फारकत. ‘५३ ०२’ दिसला तर ड्राइव्हने टेप बाहेर काढायला बंदी घातली आहे. बहुतेक वेळा एखादी प्रक्रिया ड्राइव्ह धरून बसलेली असते, किंवा मध्येच मेलेल्या जॉबने लावलेलं कुलूप तसंच राहिलेलं असतं. ती प्रक्रिया शोधून बंद करा, मग टेप बाहेर काढा. आणि ‘०४ ०१’ आला तर ड्राइव्ह तयार होतो आहे, थोडं थांबा, एवढंच तो सांगतोय. त्याला बिघाड समजू नये.

दोन ड्राइव्ह असतील तर आधी नावं तपासा

दोन किंवा जास्त ड्राइव्हच्या लायब्ररीत हा दोष इतका फसवा असतो की लोक ड्राइव्ह बदलून बसतात.

लिनक्स टेप ड्राइव्हना सापडतील त्या क्रमाने नावं देतं: एनएसटी-शून्य, एनएसटी-एक. सर्व्हर सुरू होताना आज एक ड्राइव्ह आधी सापडला, उद्या दुसरा, तर नावांची अदलाबदल होते. रोबोचे क्रमांक मात्र लायब्ररीतल्या जागेवरून ठरतात, ते हलत नाहीत. मग काय होतं पाहा. सॉफ्टवेअर रोबोला सांगतं, टेप ड्राइव्ह शून्यमध्ये लाव. रोबो लावतो. सॉफ्टवेअर एनएसटी-शून्य उघडतं, पण त्या नावाने आता शेजारचा ड्राइव्ह बोलतोय आणि तो रिकामा आहे. सॉफ्टवेअर पाच मिनिटं वाट बघतं आणि हात टेकतं. मग माणूस सर्व्हर रीस्टार्ट करतो, नावं योगायोगाने पुन्हा सरळ होतात आणि सगळ्यांची खात्री पटते की रीस्टार्टने बरं वाटतं. पुढच्या पॅचच्या रीस्टार्टला नावं पुन्हा उलटतात. म्हणून, अडकलेल्या रात्रीच्या आधी सर्व्हर कधी रीस्टार्ट झाला होता, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. दोन-तीन वेळा मेळ बसला तर उत्तर जवळपास हाताशी आहे.

खात्री करणं अगदी सोपं. दोन्ही ड्राइव्ह रिकामे करा. रोबोला एक टेप ड्राइव्ह शून्यमध्ये लावायला सांगा, मिनिटभर थांबा, मग दोन्ही नावांचं स्टेटस विचारा. ‘ऑनलाइन’ एनएसटी-एकवर दिसलं तर नावं उलटी आहेत.

कॉन्फिगरेशनमध्ये शून्य-एक बदलून भागत नाही, पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तेच होईल. डेव्ह फोल्डरमध्ये ‘टेप’ आणि त्याखाली ‘बाय-आयडी’ असं फोल्डर असतं. तिथली नावं ड्राइव्हच्या स्वतःच्या ओळखीवरून बनलेली असतात आणि रीस्टार्टने बदलत नाहीत. कॉन्फिगरेशनमध्ये तीच लिहा, आणि चेंजरसाठीही लिनक्सने क्रमाने दिलेले एसजी-तीन, एसजी-पाच असले आकडे न वापरता तिथलंच नाव घ्या. एखादी नवी डिस्क जोडली तरी एसजीचे आकडे सरकू शकतात.

ही नावं लिहिताना अगदी जपून: शेवटी ‘एनएसटी’ असलेलंच घ्यायचं. सुरुवातीचा ‘एन’ म्हणजे काम संपल्यावर रिवाइंड करू नकोस. ‘एन’ नसलेलं नाव दिलं तर प्रत्येक वापरानंतर टेप सुरुवातीला जाते आणि पुढचं लेखन आधीच्या डेटावर होऊ शकतं. देखरेखीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ही चूक मी पाहिली आहे. दर तासाला ड्राइव्हचं स्टेटस विचारणारी ती निरुपद्रवी वाटणारी स्क्रिप्ट दोन जॉबच्या मधल्या वेळात टेप गुपचूप मागे नेत होती. सॉफ्टवेअर चांगलं असेल तर ते टेपवरच्या आणि कॅटलॉगमधल्या फाइल मोजून विसंगती पकडतं आणि टेपची ‘सदोष’ अशी नोंद करून थांबतं. सगळी सॉफ्टवेअर इतकी दक्ष नसतात.

वेळेचा हिशेब

टेप बदलणं म्हणजे काय काय असतं, ते एकदा लायब्ररीसमोर उभं राहून घड्याळ लावून बघा. आधीची टेप रिवाइंड होते. एलटीओ-८ची (एलटीओ हा टेपचा प्रकार, आकडा त्याची पिढी) टेप ९६० मीटर लांब असते, ती कुठे थांबली होती त्यावरून रिवाइंडला मिनिटभर किंवा जास्त लागतं. मग ड्राइव्ह ती बाहेर ढकलतो, रोबो स्लॉटपर्यंत नेतो, नवी उचलतो, ड्राइव्हमध्ये सरकवतो, ड्राइव्ह टेपचं टोक पकडून आत ओढतो आणि कार्ट्रिजमधली चिप वाचतो. रोबोचं ‘काम झालं’ हे उत्तर टेप सरकवल्या सरकवल्या येऊ शकतं. ड्राइव्ह तेव्हा अजून तयारीत असतो. मधल्या त्या वेळात सॉफ्टवेअरने लिहायला घेतलं की ‘ड्राइव्ह तयार नाही’.

बाक्युलाच्या चेंजर स्क्रिप्टमध्ये यासाठी वाट बघायची सोय आहे. मूळ मर्यादा ३०० सेकंदांची असते, आणि बाहेर काढण्याआधी व लावल्यानंतर किती थांबायचं हेही ठरवता येतं. काही ड्राइव्हना आधी ‘ऑफलाइन’ची आज्ञा दिल्याशिवाय रोबो त्यांच्यातून टेप ओढू शकत नाही. अशा लायब्ररीत ती ओळ चालू केलेली नसेल तर पहिली टेप छान चालते आणि बदलायच्या वेळीच घोडं पेंड खातं.

एलटीओ-९ वापरणाऱ्यांनी मात्र इथे नीट लक्ष द्यावं, कारण ३०० सेकंद त्यांना पुरणारच नाहीत. या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह तिचं मोजमाप करून घेतो. त्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि दोन तासांपर्यंतही जाऊ शकतात. हे प्रत्येक टेपच्या बाबतीत एकदाच होतं. त्यामुळे लक्षण विचित्र दिसतं: जुन्या टेप कधीच अडकत नाहीत, नवी टेप पहिल्या रात्री हमखास अडकते आणि सकाळी पुन्हा लावली की चालते. ‘या टेपच खराब आल्यात’ म्हणून परत पाठवायला काढलेला डबा मी थांबवला आहे. नव्या टेप दिवसा एकेक करून लावा, मोजमाप पूर्ण होऊ द्या, मधे वीज घालवू नका, मगच त्यांना रात्रीच्या कामात घ्या. खोकं बाहेरून आलं असेल तर आधी एक दिवस ते सर्व्हरच्या खोलीतल्याच हवेत पडू द्या.

पिढ्यांबद्दल आणखी एक. एलटीओ-७पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचे. एलटीओ-८ आणि एलटीओ-९मध्ये ती सोय एका पिढीवर आली. एलटीओ-८च्या ड्राइव्हला एलटीओ-६ची टेप दिली तर तो ती वाचणार नाही. मिश्र पिढ्यांची लायब्ररी असेल आणि ठरावीक टेपलाच जॉब अडकत असेल, तर बारकोडची शेवटची दोन अक्षरं बघा. ‘एल८’, ‘एल९’ अशी ती पिढी सांगतात.

सफाई कुणाच्या हातात

सफाई एकतर लायब्ररीने करावी किंवा बॅकअप सॉफ्टवेअरने. दोघांनाही अधिकार दिला की रात्री लायब्ररी आपल्या मनाने सफाईची टेप लावते, त्याच क्षणी सॉफ्टवेअर ड्राइव्ह मागतं आणि त्याला ‘व्यस्त’ असं उत्तर मिळतं. मी लायब्ररीवर सोपवतो. सफाईच्या टेपचा बारकोड ‘सीएलएन’ने सुरू व्हायला हवा, नाहीतर सॉफ्टवेअर तिला डेटाची टेप समजून लेबल लावायला जातं. तिचे वापरही मोजके असतात, बहुतेक सार्वत्रिक सफाई टेपचे ५०. संपलेली सफाई टेप स्लॉटमध्ये तशीच राहिली तर सफाईची मागणी उभीच राहते आणि ती कुणी पूर्ण करत नाही.

चेंजरच गायब होत असेल तर

छोट्या ऑटोलोडरमध्ये रोबोला स्वतःची केबल नसते. तो ड्राइव्हच्याच पत्त्यावर राहतो, ड्राइव्ह एलयूएन-शून्यवर आणि रोबो एलयूएन-एकवर (एलयूएन म्हणजे एकाच पत्त्यावरचे उपक्रमांक). त्यामुळे ड्राइव्ह गोठला की रोबोही दिसेनासा होतो, आणि दोष नसताना रोबोवर आळ येतो. अशा वेळी ड्राइव्हचा लॉग वाचा, केबल आणि तिची दोन्ही टोकं तपासा. कार्डही बघा: टेपला साधं एसएएस होस्ट कार्ड (ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारं कार्ड) लागतं. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या ‘रेड’ (RAID) कार्डाला टेप जोडली असेल तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, आधी कार्ड बदला.

दोष स्लॉटचा, टेपचा की ड्राइव्हचा

नोंदी जुळतात, नावं स्थिर आहेत, थांबायची वेळ पुरेशी आहे, तरीही अडकतं. आता यंत्राकडे वळायचं, पण अंदाजाने नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहा: पहिल्या स्लॉटची टेप ड्राइव्हमध्ये लाव, ‘ऑनलाइन’ दिसेपर्यंत थांब, ड्राइव्ह ऑफलाइन कर, टेप त्याच स्लॉटमध्ये ठेव, मग पुढचा स्लॉट. प्रत्येक पायरीची वेळ आणि निकाल फाइलमध्ये लिही. बॅकअप नसलेल्या वेळेत सगळ्या स्लॉटवर अशी तीन-चार आवर्तनं होऊ द्या. डेटा काहीच लिहायचा नाही, फक्त हालचाल.

सकाळी फाइल वाचा. एकाच स्लॉटवर अडकत असेल तर त्या स्लॉटमधली टेप दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून आवर्तन पुन्हा करा. दोष टेपबरोबर गेला तर टेप, तिथेच राहिला तर स्लॉट किंवा मॅगझिन (स्लॉट असलेला, बाहेर काढता येणारा ट्रे). मॅगझिन शेवटपर्यंत बसलेलं नसणं हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. दोष एकाच ड्राइव्हबरोबर राहिला तर ड्राइव्ह. कुठेही, कधीही, तर केबल किंवा अजून न सापडलेली वेळेची गडबड. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि दोष गेला तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

संशयित टेप हातात घेऊन बघण्यासारखी असते. बारकोडचं लेबल त्यासाठी केलेल्या खोलगट जागेतच चिकटलेलं हवं. एका टेपवर कुणीतरी तारीख लिहिलेला कागदी कपटा वेगळा चिकटवला होता. त्याचा एक कोपरा नखाएवढा उचलला गेला होता आणि नेमका तोच स्लॉटच्या कडेला अडकत होता. कार्ट्रिजची छोटी झडप हळूच उघडा आणि आतली धातूची पिन सरळ, दोन्ही टोकांना आपल्या खाचेत बसलेली आहे का ते पाहा. ड्राइव्ह या पिनलाच पकडून टेप आत ओढतो. कार्ट्रिज जमिनीवर पडलं की बाहेरून तडा दिसत नाही, पण पिन सरकलेली असू शकते. अशी टेप ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकली तर टेपबरोबर ड्राइव्हही जातो. त्यावरचा डेटा हवा असेल तर ती बाजूला ठेवा आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्या.

कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवायची वेळ आलीच तर ही आवर्तनांची फाइल, सुरुवातीला ठेवलेली तीन स्टेटस आणि सेन्स कोड आधीच पाठवा. ‘अधूनमधून अडकतं’ या वाक्यावर कुणी सुटा भाग पाठवत नाही. ‘ड्राइव्ह एकमध्ये टेप लावताना ४० पैकी ६ वेळा, स्लॉट कुठलाही असो’ अशा नोंदीवर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

मी जिथे जिथे लायब्ररी सांभाळतो तिथे रात्रीच्या जॉबच्या अर्धा तास आधी एक तपासणी चालते. चेंजरचं स्टेटस घ्यायचं, कॅटलॉगमधल्या स्लॉटच्या नोंदीशी बारकोडगणिक ताडून बघायचं, ‘अज्ञात स्लॉट’ असा शब्द कुठे आहे का शोधायचा, प्रत्येक ड्राइव्हचा अनुक्रमांक ठरलेल्या नावाशी जुळतो का पाहायचं. काही जुळलं नाही तर जॉब सुरू होण्याआधी निरोप येतो, आणि ती दुरुस्ती जागेपणी, शांत डोक्याने करता येते.